किडा-कोळ्यांच्या घरचे बिऱ्हाडकरू



तिन्हीसांजेला दिवा लावून ओटीवर टेकावे, तो कानाशी डास गुणगुणू लागतो. स्वयंपाकघरात फडताळामागून झुरळ डोकावते. वर आढ्याला कोळी आपले जाळे विणीत बसलेला असतो. ही सारी आपल्या घरातली बिनभाड्याची बिऱ्हाडे, असे आपण म्हणतो. पण या बिऱ्हाडकरूंच्या पोटात आणखी बिऱ्हाडकरू आहेत, हे फार थोड्यांना ठाऊक असते. ते इतके बारीक की साध्या डोळ्यांना दिसत नाहीत, आणि इतके जुने की पिढ्यान्‌पिढ्या आईच्या अंड्यातून लेकीकडे चालत आले आहेत. शास्त्रज्ञ त्यांना सहजीवी जीवाणू म्हणतात. हे जीवाणू सापडले कसे आणि एका किड्याकडून दुसऱ्याकडे पसरतात कसे, याचा इतिहास आज सांगायचा आहे. तो सांगण्याचे कारणही शेवटी सांगेन. कारण ते आपल्या अंगणापर्यंत येऊन पोहोचले आहे.

आरंभ झुरळापासून करू. १८८७ साली ब्लॉकमान नावाच्या जर्मन प्राणिशास्त्रज्ञाने झुरळाच्या शरीरातील चरबीच्या पेशी सूक्ष्मदर्शकाखाली पाहिल्या. त्यांत त्याला काड्यांसारखे बारीक जीव खच्चून भरलेले दिसले. नुकताच तो काळ होता की ज्यात पाश्चर आणि कॉख यांनी रोगजंतूंचा शोध लावला होता. जंतू म्हटला की रोग, असे समीकरण सगळ्यांच्या डोक्यात पक्के बसले होते. पण हे झुरळ तर ठणठणीत! मग हे जंतू तिथे करतात काय? पुढे कळले की ते झुरळाच्या शरीरातला टाकाऊ नत्र पुन्हा कामाला लावतात आणि त्याला पोषक द्रव्ये करून देतात. म्हणून तर झुरळ कागदाच्या डिंकावरही दिवस काढू शकते. पाऊल बुखनर या दुसऱ्या जर्मन शास्त्रज्ञाने आपले सारे आयुष्य अशा जोड्या शोधण्यात घालविले. मावा, ढेकूण, उवा, भुंगेरे, जिकडे पाहावे तिकडे त्याला घरमालक आणि बिऱ्हाडकरू सापडत गेले.

पण आजच्या कथेचा नायक याहून वेगळा आहे. तो मालकाचे काम करतोच असे नाही. पुष्कळदा तो मालकाच्या घरात बसून मालकाचाच वंश आपल्या सोयीने वळवतो.

पहिले महायुद्ध संपल्यावर पूर्व युरोपात उवांमुळे पसरणाऱ्या टायफस तापाने हाहाकार माजवला होता. त्याचा अभ्यास करण्यासाठी अमेरिकेतील हार्वर्ड विद्यापीठाचे डॉक्टर वोल्बाक हे १९२० मध्ये पोलंडला गेले. टायफसचा जंतू पेशींच्या आत राहतो. परत आल्यावर त्यांना प्रश्न पडला, की असे पेशीत राहणारे जंतू आणखी कोणकोणत्या किड्यांत असतील? त्यांनी आणि हर्टिग या कीटकशास्त्रज्ञाने मिळून अनेक किडे चिरून पाहिले. १९२४ साली त्यांनी प्रसिद्ध केले की, घरात चावणाऱ्या साध्या क्युलेक्स डासाच्या बीजकोशात असा एक जंतू राहतो. त्याने डास आजारी पडत नाही, माणूसही आजारी पडत नाही. १९३६ मध्ये हर्टिगने आपल्या सहकाऱ्याच्या सन्मानार्थ त्याचे नाव ठेवले वोल्बाकिया. नाव ठेवले, बारसे झाले, आणि पुढची पस्तीस वर्षे हा जंतू जवळजवळ विस्मृतीत गेला. निरुपद्रवी जंतूकडे कोण लक्ष देणार?

इकडे दुसऱ्याच बाजूने एक कोडे उभे राहिले होते. १९५० च्या सुमारास हान्स लावेन हा जर्मन शास्त्रज्ञ निरनिराळ्या गावांतील क्युलेक्स डास आणून त्यांची जोडी लावून पाहत होता. एका गावचा नर आणि दुसऱ्या गावची मादी घेतली तर अंडी नीट फुटत. पण उलट केले, म्हणजे दुसऱ्या गावचा नर आणि पहिल्या गावची मादी घेतली, की अंडी घातली जात, पण त्यांतून अळी बाहेरच पडत नसे. जात तीच, रूप तेच, आणि सोयरीक एकाच बाजूने जुळते! लावेनने इतके ओळखले की हा गुण आईकडूनच मुलांत उतरतो, बापाकडून नाही. अंड्यातील पेशीद्रवात काहीतरी आहे. पण ते 'काहीतरी' म्हणजे काय, हे त्याला सांगता आले नाही.

ते कोडे सुटले १९७१ मध्ये. कॅलिफोर्नियातील जेनिस येन आणि राल्फ बार या दोघांनी हर्टिगचा विसरलेला जंतू आणि लावेनचे कोडे एकत्र जुळवले. डासांना टेट्रासायक्लिन हे औषध देऊन त्यांच्या पोटातला वोल्बाकिया मारला, की नर निर्वेध झाले. कोणत्याही मादीशी त्यांची अंडी फुटू लागली. म्हणजे अंडी मारणारा हाच बिऱ्हाडकरू!

हे घडते कसे, ते साध्या भाषेत सांगतो. ज्या नराच्या शरीरात वोल्बाकिया आहे, त्याच्या बीजाला जणू कुलूप लागलेले असते. ते उघडण्याची किल्ली फक्त त्याच जातीचा वोल्बाकिया असलेल्या मादीच्या अंड्यात असते. किल्ली नसलेल्या अंड्यात ते बीज गेले की गर्भ मरतो. हे कुलूप-किल्लीचे काम जंतूची कोणती जनुके करतात, याचा उलगडा २०१७ साली झाला. लक्षात घ्या, जंतू नराकडून पुढे जात नाही. बीज इतके लहान की त्यात त्याला जागाच नसते. तो जातो फक्त आईच्या अंड्यातून. म्हणून त्याचा सगळा डाव माद्या वाढविण्याचा.

शिक्षक बंधुभगिनींनी हा हिशेब फळ्यावर मांडून पाहावा. मुलांना अपूर्णांकांचे उदाहरण होईल आणि निसर्गाचेही. समजा, गावात १०० माद्या आहेत आणि नर-मादी दोहोंत निम्मे बाधित, निम्मे निरोगी. ५० बाधित माद्यांची अंडी कोणत्याही नराशी फुटतात. ५० निरोगी माद्यांपैकी निम्म्यांना बाधित नर मिळतो; त्यांची अंडी वाया जातात. उरल्या २५. तेव्हा पुढच्या पिढीत बाधितांचे प्रमाण ७५ पैकी ५०, म्हणजे दोन तृतीयांश. त्याच्या पुढच्या पिढीत सहा सप्तमांश, म्हणजे शेकडा ८६. त्याच्याही पुढे शेकडा ९८ च्या जवळपास. अवघ्या तीन पिढ्यांत गाव बाधितांचे झाले. आता हाच हिशेब ५० ऐवजी ५ पासून सुरू करा. पहिल्या पिढीत ५ चे जेमतेम सव्वापाच होतात. त्यात जंतूमुळे मादीची अंडी थोडी जरी कमी झाली, तर आकडा वाढण्याऐवजी उतरतो आणि जंतू नाहीसा होतो. तात्पर्य असे, की उंबरठा ओलांडेपर्यंत चाल कूर्मगतीची, आणि ओलांडल्यावर वणव्याची.

हा वणवा कॅलिफोर्नियात डोळ्यांदेखत पाहायला मिळाला. पिकल्या केळ्यांवर घोंगावणारी चिलटे आपण नेहमी पाहतो. त्यांच्याच एका भाऊबंद जातीत १९८० नंतरच्या दशकात दक्षिण कॅलिफोर्नियात वोल्बाकिया सापडला. उत्तरेकडची चिलटे तेव्हा निरोगी होती. टुरेली आणि हॉफमन हे शास्त्रज्ञ दरवर्षी गावोगावची चिलटे पकडून तपासत राहिले. जंतूची आघाडी वर्षाला १०० किलोमीटरहून अधिक वेगाने उत्तरेकडे सरकत असल्याचे त्यांना आढळले. एवढेसे चिलट एवढ्या लांब उडते थोडेच! फळांच्या पेट्या इकडून तिकडे नेणाऱ्या माणसाचाही त्यात हात असावा, असा तर्क करता येतो.

माद्या वाढविण्याची जंतूची दुसरी युक्ती याहून निष्ठुर आहे. तो नरांना अंड्यातच मारून टाकतो. आपल्याकडे पावसाळ्यात काळ्या पंखांवर निळसर कडेचे पांढरे ठिपके मिरवणारे एक मोठे फुलपाखरू दिसते. त्याचे इंग्रजी नाव ग्रेट एगफ्लाय. याच जातीचे फुलपाखरू पॅसिफिक महासागरातील सामोआ बेटांवर आहे. तिथे नर सापडतच नाहीत म्हटले तरी चालेल, असे १९२० नंतरच्या दशकातच निरीक्षकांच्या नजरेस आले होते. २००१ साली मोजले तेव्हा शंभरांत एकच नर निघाला. तरी वंश कसा टिकला, याचे नवल वाटेल. पण पुढचे नवल त्याहून मोठे. २००६ मध्ये पुन्हा पाहिले, तेव्हा नरांची संख्या माद्यांच्या जवळपास आली होती! जंतू गेला नव्हता. फुलपाखरातच त्याला दाबून ठेवणारे जनुक आले होते, आणि ते दहाएक पिढ्यांत सर्वत्र पसरले. घरमालकही कायम सोसत राहत नाही, असेच म्हणायचे.

तिसरी युक्ती म्हणजे नराची गरजच संपविणे. उसावरील खोडकिडीसाठी आपले शेतकरी बांधावरून ट्रायकोकार्डे लावतात. त्या कार्डावरून बाहेर पडणारा ट्रायकोग्रामा हा मोहरीपेक्षाही बारीक कीटक. त्याच्या काही जातींत माद्या नराशिवायच मुली जन्माला घालतात. १९९० साली स्टाउथामर आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी अशा माद्यांना जंतुनाशक औषध पाजले, तर त्यांना पुन्हा मुलगे होऊ लागले. नराविना चालणारा हा संसारही पोटातल्या जंतूचाच खेळ होता.

शेतकरी मंडळींना जवळची वाटेल अशी आणखी एक हकीकत सांगतो. कपाशीवरची पांढरी माशी आपल्याला नवी नाही. अमेरिकेच्या ॲरिझोना राज्यात २००० साली शंभर पांढऱ्या माश्यांत एकीच्या पोटात रिकेट्सिया नावाचा सहजीवी जंतू सापडे. २००६ मध्ये शंभरांत ९७ माश्यांत तो होता! त्या बाधित माश्यांची पिल्ले अधिक जगत, लवकर वाढत, आणि त्यांत माद्यांचे प्रमाण अधिक असे. म्हणजे कीड तीच, पण तिचे बळ वाढले ते जंतूने. मात्र हे राज्यही अढळ नव्हते. २०११ पर्यंत जवळजवळ प्रत्येक माशीत असलेला हा जंतू २०१७ मध्ये शेकडा ३६ वर उतरला. पसरणे जसे खरे, तसे ओसरणेही खरे.

आता आढ्यावरच्या कोळ्याकडे वळू. कोळी हा कीटक नव्हे. कीटकाला सहा पाय, कोळ्याला आठ. पण जंतूंना पायांचे काय! वोल्बाकिया, रिकेट्सिया, कार्डिनियम, स्पायरोप्लाझ्मा असे अनेक सहजीवी कोळ्यांत एकत्र नांदताना आढळतात. एका युरोपीय कोळ्यात नर फार कमी निपजत. बेल्जियमच्या संशोधकांनी २०११ मध्ये औषध देऊन पाहिले, तेव्हा नर-मादी पुन्हा सारखे झाले. तिथेही दोषी वोल्बाकियाच.

कोळी प्रवास कसा करतो, हे खेड्यातल्या माणसाला सांगायला नको. हिवाळ्यातल्या सकाळी शेतावर चंदेरी धागे तरंगताना दिसतात. बारीक कोळी गवताच्या टोकावर चढतो, पोट वर करतो, धागा सोडतो आणि वाऱ्याबरोबर निघून जातो. १८३२ साली चार्ल्स डार्विन बीगल जहाजावर होता. किनारा ६० मैल दूर असताना जहाजाच्या दोरखंडांवर असे हजारो कोळी येऊन उतरलेले त्याने पाहिले. कोळ्याबरोबर त्याचा बिऱ्हाडकरूही प्रवास करणार, हे ओघानेच आले. पण गंमत अशी की, बिऱ्हाडकरू कधी कधी प्रवासाला अडवतो. इंग्लंडमधील सारा गुडएकर आणि सहकाऱ्यांनी २००९ मध्ये दाखवून दिले की, शेतात राहणाऱ्या एका कोळ्याच्या माद्यांत रिकेट्सिया असला, की त्या धाग्यावर उडून जायला कमी तयार होतात. कोण कुठे जाणार, हेही जणू जंतूच ठरवतो!

इथे कुणी हुशार विद्यार्थी विचारील, की जंतू जर आईकडूनच लेकीकडे जातो, तर एका जातीतून दुसऱ्या जातीत, किड्यातून कोळ्यात तो गेला कसा? प्रश्न रास्त आहे. १९९० नंतर जंतूंच्या डी.एन.ए.ची वंशावळ मांडता येऊ लागली, तेव्हा शास्त्रज्ञांनाही हाच प्रश्न पडला. यजमानांची वंशावळ एक सांगे, जंतूंची दुसरीच. दूरच्या नात्यातल्या किड्यांत अगदी सारखे जंतू, आणि सख्ख्या भावंडजातींत वेगळे. म्हणजे घराण्याची मिरास असली, तरी मधूनमधून बिऱ्हाड बदललेले आहे. त्याचा एक पुरावा २०१५ मध्ये चीनमध्ये मिळाला. पांढऱ्या माशीच्या पिल्लात अंडी घालणारा एक परोपजीवी कीटक आपली नांगी एका पिल्लात टोचून पाहतो, मग दुसऱ्यात. सुई न उकळता एकामागून एक माणसांना टोचावी, तसा प्रकार. बाधित पिल्लाला टोचलेली नांगी निरोगी पिल्लाला लागली, आणि ते पिल्लू जगले, की जंतूला नवे घर मिळाले. कोळी तर नित्य किडेच खातो. तेव्हा भक्ष्यातून भक्षकात जंतू जात असावा, हाही तर्क केला जातो. अशी घरबदल क्वचित घडते. पण लाखो वर्षांत क्वचित घडणारी गोष्टही पुष्कळदा घडते. त्यामुळेच आज जगातील सुमारे निम्म्या कीटकजातींत वोल्बाकिया असावा, असा अंदाज आहे.

इथवर इतिहास झाला. आता सांगण्याचे कारण.

या जंतूचा माणसाने उपयोग करून पाहिला तो ब्रह्मदेशात. रंगूनजवळच्या ओकपो खेड्यात हत्तीपाय पसरविणाऱ्या क्युलेक्स डासांचा सुळसुळाट होता. १९६७ साली लावेनने तिथल्या माद्यांशी न जुळणारे परक्या कुळातले नर डास सोडले. नर चावत नाहीत. काही आठवड्यांनी त्या खेड्यात घातली जाणारी डासांची अंडी फुटेनाशी झाली. कारण ठाऊक नसताना केलेला हा प्रयोग यशस्वी झाला. कारण कळले चार वर्षांनी.

मग असेच काम आपल्या देशात सुरू झाले. १९६९ मध्ये जागतिक आरोग्य संघटना आणि भारतीय वैद्यक संशोधन परिषद यांनी दिल्लीत डासांच्या जननिक नियंत्रणाचे एक पथक उभारले आणि भोवतालच्या खेड्यांत प्रयोग केले. पैसा अमेरिकेचा होता. १९७४ मध्ये वृत्तपत्रांतून आरोप झाले, की हे काम आपल्या लोकांसाठी नसून परक्यांच्या युद्धशास्त्रासाठी चालले आहे. आरोग्य संघटनेने आरोप नाकारले. प्रकरण संसदेच्या लोकलेखा समितीपर्यंत गेले, आणि १९७५ मध्ये ते पथक बंद झाले. त्या वादात कोणाची बाजू किती खरी, हा निवाडा आज मला करायचा नाही. मला एवढेच दिसते की, ज्यांच्या अंगणात डास सोडायचे, त्यांना विश्वासात घेतल्यावाचून शास्त्र कितीही चांगले असले, तरी ते उंबऱ्याबाहेरच राहते.

हा धडा पुढच्यांनी गिरवला. ऑस्ट्रेलियातील स्कॉट ओ'नील यांच्या गटाने चिलटातला वोल्बाकिया डेंग्यू पसरविणाऱ्या, पायावर पांढरे पट्टे असलेल्या एडिस डासात घातला. त्या डासात तो निसर्गतः सहसा नसतो. तो आत असला की डेंग्यूचा विषाणू डासाच्या पोटात नीट वाढू शकत नाही, असे आढळून आले. २०११ च्या जानेवारीत केर्न्स शहराजवळच्या वस्त्यांत हे डास सोडले. पण त्याआधी घरोघर जाऊन लोकांना समजावून सांगितले. पुढे इंडोनेशियातील योग्यकर्ता शहरात लोकांच्या संमतीने, त्यांच्याच अंगणात डासांच्या अंड्यांची भांडी ठेवली गेली. शहराचे काही भाग चिठ्ठ्या टाकून निवडले आणि बाकीच्या भागांशी तुलना केली. २०२१ साली निकाल प्रसिद्ध झाला. जिथे हे डास सोडले, तिथे डेंग्यू शेकडा ७७ ने कमी आणि त्यासाठी रुग्णालयात जाणे शेकडा ८६ ने कमी. आपल्याकडेही पुदुच्चेरी येथील संशोधन केंद्राने असे बाधित एडिस डास तयार केल्याचे २०२२ मध्ये जाहीर झाले.

म्हणून म्हणतो, उद्या कुणी आपल्या गावात येऊन 'आम्ही डास सोडणार' असे सांगितले, तर नुसते घाबरून हाकलू नका, आणि नुसती मान डोलावूही नका. विचारा: नर सोडणार की मादीही? कोणता जंतू? पूर्वी कुठे करून पाहिले? परिणाम कोण मोजणार आणि आम्हाला कोण सांगणार? वोल्बाकिया माणसाच्या शरीरात राहत नाही. तो असलेले क्युलेक्स डास आपल्याला आजवर चावतच आले आहेत. पण ही गोष्टसुद्धा कुणीतरी सांगितली म्हणून मानू नका, समजून घेऊन माना. आणि हेही ध्यानात ठेवा, की डबकी बुजवणे, पाण्याची भांडी झाकणे आणि आठवड्यातून एकदा हौद कोरडा करणे, हे काम कोणताही जंतू आपल्यासाठी करणार नाही.

शिक्षकांना एक विनंती. मुलांना कोळ्याचे जाळे दाखवाल तेव्हा त्यात अडकलेला किडाही दाखवा, आणि सांगा की या दोघांच्या पोटात तिसरा कुणी आहे. १९२४ साली दोन माणसांनी एका निरुपद्रवी जंतूची नोंद करून ठेवली. तिचा उपयोग काय, असे तेव्हा कुणी विचारले असते, तर त्यांना उत्तर देता आले नसते. ते उत्तर मिळायला जवळजवळ शंभर वर्षे लागली. वर्गातल्या एखाद्या मुलाने 'गुरुजी, हे असेच का?' असे विचारले, आणि उत्तर ठाऊक नसले, तर त्याला गप्प बसवू नका. प्रश्न वहीत लिहून ठेवायला सांगा.